खळ्यातली मुंबई

त्या उन्हाळ्यात आमच्या खळ्यात मुंबई होती, आणि दर सोमवारी सकाळी आई ती शेणाने सारवून टाकायची. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. आमचं खळं वाडीत सगळ्यात मोठं, एका अंगाला तुळस, दुसऱ्या अंगाला काजूच्या फांद्यांची वई म्हणजे कुंपण, आणि पायऱ्यांच्या समोर एक वाकडा माड. उन्हाळ्यात ते खळं म्हणजे आमच्या घराची सगळ्यात कामाची खोली होती. कोकमाचे रातांबे फोडून तिथे वाळत पडायचे, काजूच्या बिया, मिरच्या, आंब्याची साठं, सगळं तिथेच. आईचं अर्धं आयुष्य त्या खळ्यावर कावळे हाकण्यात गेलं. आता तिथे लाद्या आहेत. दोन बादल्या पाणी ओतलं की काम झालं, आणि ते बरंच आहे, माझे गुडघे आता सारवायला वाकत नाहीत.

बाबा मुंबईला कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आमच्याकडे बाप म्हणजे शिमग्याला आणि गणपतीला येणारा माणूस. आठ दिवस यायचा, सगळ्यांना गंजीफ्रॉक आणि लिमलेटच्या गोळ्या वाटायचा, आणि आपण त्याच्या सवयीला लागतो न लागतो तोवर ट्रंक उचलून एसटीत बसायचा. त्या वर्षी बाबा शिमग्याला आले, पालखी घरी नाचून गेली, शिमग्याची मिरवणूक, रोंबाट, संपलं, वाडीतले बाकीचे चाकरमानी एकेक करून परतले, आणि आमची ट्रंक पडवीतल्या कोपऱ्यात होती तिथेच राहिली. गिरणीला टाळं लागलं होतं. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बाबल्याला, ह्यात वाईट काय ते कळेना. मी सातवीत जाणार होते, तो सहा वर्षांचा. आम्हाला बाप मिळाला होता, आणि तो परत द्यायची आमची मुळीच तयारी नव्हती.

आमच्या गावात चाकरमान्याला वाटेत गाठून दोन प्रश्न विचारायची रीत आहे. "कधी इलंस? कधी जातलंस?" कधी आलास, कधी जाणार. त्यात वाकडं काही नसतं, रामराम म्हणावं तसं ते. पण त्या वर्षी बाबांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता यायचं आणि दुसऱ्याचं नाही. म्हणून ते मसुऱ्याच्या बाजाराला जाईनासे झाले. मग देवळात जाईनासे झाले. मग बावीवर आंघोळ करायचे तीसुद्धा उजाडायच्या आत. दिवसभर पडवीत बसून राहायचे आणि त्यांचे हात मांडीवर हलत असायचे, तुटलेलं सूत पकडून गाठ मारल्यासारखे. आई रातांबे फोडता फोडता त्या हातांकडे बघायची. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असायचे. दोघं एकमेकांशी फार बोलायची नाहीत. वर्षातून पंधरा दिवस भेटणाऱ्या माणसांना रोज काय बोलायचं ते ठाऊक नसावं, असं मला आता वाटतं.

शाळेला सुट्टी पडली आणि बाबांना काम मिळालं. ते काम म्हणजे आम्ही. सकाळी पेज पिऊन झाली, सुक्या बांगड्याचा तुकडा चोखून झाला, की ते आम्हाला हाक मारायचे, आणि ती हाक अगदी वेळेवर यायची. मोडक्या खाटेच्या चौकटीवर सुंभ ताणून त्यांनी आम्हाला हातभर माग करून दिला. त्यावर आम्ही केळीच्या सोपाच्या धाग्यांचा एक पंचा विणला. त्याने काही पुसलं जात नव्हतं, पण आम्ही तो महिनाभर मिरवला. एका हाताने सुताला गाठ कशी मारायची ते त्यांनी मला शिकवलं. ती गाठ आजही माझ्या बोटांत आहे आणि पोत्याचं तोंड बांधताना सून माझ्याकडे टकामका बघते. बाबल्याला त्यांनी माडाच्या पातीची पिपाणी वळून दिली आणि घड्याळ शिकवलं. सातचा भोंगा, तीनचा भोंगा, रात्री अकराचा भोंगा. बाबल्याला कित्येक वर्षं घड्याळात एवढ्याच तीन वेळा असतात असं वाटायचं.

आणि मग मुंबई. एका सोमवारी आईने ताजं सारवलं होतं, खळं वाळून हिरवट करडं झालं होतं, आणि बाबांनी चुन्याच्या निवळीत काथ्याचा कुंचला बुडवून तुळशीपासून एक रेघ ओढली. "ही एसटी थांबता ती जागा," ते म्हणाले. "हय उतरलंव." तिथून रस्ता, रस्त्याला फाटे, फाट्यावर मारुतीचं देऊळ, पुढे पूल. पूल दिसावा म्हणून त्यांनी खाडीची रेव आणून त्याची जाड पट्टी थापली. चाळींच्या जागी तिसऱ्यांच्या शिंपल्या रोवल्या, ओळीने, प्रत्येक मजल्याला एक. माडाच्या बुडाशी आमच्या गाववाल्यांची खोली होती. तिथे वीस माणसं पाळीपाळीने झोपतात हे त्यांनी आम्हाला वीस काजूच्या बिया मांडून दाखवलं. बाबल्याने विचारलं, ह्यातली तुमची बी कुठली. त्यांनी खिडकीजवळची एक उचलून दाखवली. आणि थेट वईच्या कोपऱ्यात गिरणी, तिच्या दरवाज्याला दोन मोठ्या शिंपल्या आणि मधे माडाच्या पातीची काडी, आडवा हीर. तुळशीपासून गिरणीपर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने बाबल्याची एकशे दहा पावलं व्हायची. त्यावरून त्यांनी मला प्रमाण शिकवलं, आणि शाळेत ते गणित आलं तेव्हा मास्तरांच्या आधी मला येत होतं.

आईची पंचाईत झाली. रातांबे वाळत घालायला जागा उरेना. मग ती गोणपाट घेऊन यायची आणि म्हणायची, "खय घालू? मारुतीच्या देवळार घालू काय?" आणि बाबा गंभीरपणे जागा ठरवून द्यायचे. आमची सोलं त्या वर्षी पुलाखाली वाळली. सोमवारी आमच्याकडे मासे नसत, आईचा हात मोकळा असे, म्हणून सारवण सोमवारी. ती आधी सगळ्या शिंपल्या वेचून पाटीत भरायची, मग शेणाची बादली घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि तुळशीपासून मागे मागे सरकत हात फिरवत जायची. अर्धवर्तुळामागून अर्धवर्तुळ. चुन्याची रेघ उतरायला दोनदा हात फिरवावा लागे, पुलाच्या रेवेवर तीनदा. तोंडाने पुटपुटायची, "मेली मुंबय, पुसता पुसना नाय." आई अंगठेबहाद्दर होती. मालवणच्या पुढे तिने जग बघितलं नव्हतं. दुपारी खळं वाळलं की बाबा पहिल्यापासून सगळी मुंबई पुन्हा काढायचे, रेघेवर रेघ, आणि कधी चुकायचे नाहीत.

परवा माझ्या नातीच्या शाळेने फोनवर यादी पाठवली. सुट्टीत घरच्या घरी करायचे गमतीचे आणि ज्ञान वाढवणारे उपक्रम. बिया गोळा करा, घड्याळ बनवा, काहीतरी विणा, परिसराचा नकाशा काढा. ती कुडाळहून आली आहे महिनाभर. "आजी, तुझ्या वेळी असलं काही होतं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, होतं. आणि स्वयंपाकघरात गेले, कारण मला एकदम रडू आलं.

जे झालं ते सांगूनच टाकते. मे महिना संपत आला होता. पलीकडच्या घरचे तातू काजूच्या बिया मागायला आले आणि खळ्याच्या कडेला उभे राहिले. तातू मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "काय रे," ते बाबांना म्हणाले, "गिरण उघाडली की नाय? की आता हयच मुंबय करतलंस?"

"उघाडतली. बोलणी चाललीत," बाबा म्हणाले.

"अरे, म्हालकान टाळां लावल्यान तां काय उघडूसाठी? आता काम नाय. घराक बस." तातू हसले, बिया घेऊन गेले. बाबाही थोडे हसले. मी ते सगळं पडवीच्या खांबाला टेकून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीचा खेळ खेळत होतो. बाबल्या पिपाणी फुंकून सातचा भोंगा द्यायचा. कधी मी, कधी बाबा गिरणीचे गेटवाले व्हायचे. गेटवाल्याने म्हणायचं, "बिल्ला दाखव," आणि कामगाराने फणसाचं पान दाखवलं की हीर उचलायचा. त्या दिवशी गेटवाली मी होते. बाबा रिकामा डबा घेऊन तुळशीपासून निघाले, देवळापाशी नमस्कार केला, पूल चढले, पूल उतरले, दरवाज्याशी येऊन उभे राहिले आणि पान पुढे केलं. आणि मी, मला आजही कळत नाही कशाला, तातूंचा आवाज काढला. "काम नाय. टाळां लागला हा. घराक जावा."

बाबल्या खदखदून हसला. मला वाटलं बाबाही हसतील. ते हसले नाहीत. ते पान हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कधी येव मी?" तो आवाज खेळातला नव्हता. कोणी थोरलं माणूस माझ्याशी इतक्या नम्रपणे तोवर कधी बोललं नव्हतं. मला ते समजलं होतं, निदान अर्धं तरी. पण बाबल्या हसत होता आणि माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी म्हटलं, "कदीच नको."

त्यांनी मान डोलावली. वळले आणि आले तसे परत निघाले. पूल चढले, पूल उतरले. एकाही रेघेवर पाय पडू दिला नाही. कोणीही खळ्यातून सरळ चालत तुळशीपाशी गेलं असतं, पंधरा-वीस ढांगांचं अंतर. ते वळणावळणाने गेले, आणि तुळशीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आई चुलीकडून सगळं बघत होती. तो सोमवार नव्हता. तिने गोठ्यातून शेणाची बादली आणली आणि पहिलं गिरणीच्या दरवाज्यावर ओतलं. "पुरे झाली ही मुंबय," ती म्हणाली. शिंपल्यासुद्धा उचलल्या नाहीत, त्या शेणात तशाच राहिल्या. चौथ्या दिवशी बाबा ट्रंक घेऊन एसटीत बसले. बोलणी चालली आहेत, तिथे असायला हवं, असं म्हणाले. मला त्यांनी नेहमीसारखं डोक्यावर टपली मारली.

वाडीत झालं ते आईच्या नावावर गेलं. घरात बसलेल्या नवऱ्याला बायकोने शेण दाखवून बाहेर काढलं, अशी आवई उठली. "करून गेलो गाव आणि कांदळगावाचा नाव," असं आमच्याकडे म्हणतात. करणारी मी होते. मी गप्प राहिले, आईही गप्प राहिली. तिला ठाऊक होतं, तिने सगळं ऐकलं होतं, पण तिने ते ना तेव्हा काढलं ना पुढे कधी. दोन पोस्टकार्डं आली, ती मीच वाचून दाखवली. मग पत्र नाही. गणपती आले आणि बाबा आले नाहीत. आमच्याकडे माणूस लग्नाला येणार नाही, मर्तिकाला पोचणार नाही, पण गणपतीला येणार नाही असं होत नाही. पाटावर गणपती बसला, भटजींनी "यजमान खंय?" विचारलं, आणि आईने सहा वर्षांच्या बाबल्याला सोवळं नेसवून पुढे बसवलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिने बाबल्याला काकीकडे ठेवलं, घावनांचा डबा बांधला, मला म्हणाली, "चल, तुका वाचूक येता." आम्ही मुंबईला निघालो.

एसटीने सकाळी उतरवलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मला वाटत होतं मुंबई मला पाठ आहे. पण मी ती पायऱ्यांवरून बघितलेली, वरून, सगळी एकदम दिसणारी. इथे तर माझ्यासमोर फक्त भिंती होत्या आणि माणसं. एकाही पाटीवर ओळखीचं नाव नव्हतं, बाबांनी आम्हाला नावं सांगितलीच नव्हती, फक्त वाट सांगितली होती. आई त्या थांब्याच्या खांबापाशी उभी राहिली, डबा काखेत धरून. थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "ही तुळस."

"आये, आपण कोणाक तरी विचारूया," मी म्हटलं.

"विचारूक कित्या होया? माझ्या वांगडा चल."

पहिल्या फाट्यावर मी म्हटलं उजवीकडे. "नाय गो," ती म्हणाली, "हय हात डावीकडे वळता." आणि तिचा उजवा हात तिच्याही नकळत अंगापुढे हलला, सारवताना हलतो तसा. डावीकडे वळलो तर मारुतीचं देऊळ. तिने लांबूनच नमस्कार केला आणि थांबली नाही. पुढे गर्दी होती, हातगाड्या होत्या, एक माणूस अंगावर ओरडला. आई त्या सगळ्यातून मान खाली घालून चालत होती. "आता रेव लागतली," ती म्हणाली, आणि रस्ता चढू लागला, पूल आला. मी तिच्या पदराला धरलं होतं. सातवीतली मुलगी, गणितात पहिली, आणि मला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठाऊक नव्हतं.

खळ्यात माड होता त्या जागी गाववाल्यांची खोली निघाली, आणि तिथे आमच्या वाडीतले दाजी होते. ते आईला बघून उठून उभे राहिले. "वैनी! तुमी? हय?" खिडकीजवळच्या जागेवर दुसऱ्याच कोणाची वळकटी होती. बाबांची ट्रंक कुठे म्हणून मी शोधू लागले, तर दाजींनी बाहेर बोट दाखवलं. ती जिन्याखाली होती, चटईसकट, नळाच्या शेजारी. बाबांची जागा पहिल्यापासून तिथेच होती. "दादा गेटार आसत," दाजी म्हणाले. "सकाळच्या पाळयेक जातत, तीन वाजता येतत."

"गिरण उघाडली?" आईने विचारलं.

दाजींनी भिंतीकडे बघितलं. "नाय, वैनी."

तिथून गिरणीपर्यंत आई पुढे होती आणि मी मागे. दरवाजा खूप उंच होता आणि त्याच्या टाळ्यावर गंज चढला होता. समोरच्या फुटपाथवर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांतले बाबा मी पटकन ओळखले नाहीत. गाल आत गेले होते. मांडीवर डबा होता आणि हात हलत होते. आम्ही समोर जाऊन उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी वर बघितलं. कशाला आलात असं विचारलं नाही, बाबल्या कुठे आहे असंही नाही. म्हणाले, "वाट कशी गावली तुमका?"

आईने डबा खाली ठेवला आणि आपला उजवा तळवा उघडून त्यांच्यापुढे धरला. "सारवलंय मां मी," ती म्हणाली. "सगळी वाट हाताक ठावक आसा."

बाबा त्या तळव्याकडे बघत राहिले. चारचौघांत बायकोचा हात धरायचा तो काळ नव्हता, त्यांनी धरला नाही. सरकून जागा करून दिली. आम्ही बसलो, घावनं खाल्ली, शेजारच्या माणसांना दिली. मग आई म्हणाली, "घराक चला."

"तीन वाजांदे," बाबा म्हणाले. "पाळी सुटांदे."

म्हणून आम्ही तीन वाजेपर्यंत बंद गिरणीसमोर बसून राहिलो. भोंगा झाला नाही. तरी तीनच्या सुमारास सगळी माणसं एकदम उठली, कपडे झटकले आणि आपापल्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला एसटीवर पोचवायला आले. दरवाजा उघडला आणि आपण तिथे नसलो तर नंबर जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. गाडी सुटायच्या आधी मी त्यांना म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी गमतीन सांगलंय. गेटवाली झालंय तेव्हा."

"माका ठावक आसा, बाय," ते म्हणाले. "तुज्या आदी माका हय सांगलेला. तू नंतर सांगलंस." आणि टपली मारली. त्यांनी ते माझं मन हलकं व्हावं म्हणून म्हटलं. झालं नाही. त्यांना ते आधी मुंबईने सांगितलं होतं, म्हणूनच ते घरी आले होते, आणि घरी मी सांगितलं.

गाडी हलली तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "खळां सारवून ठेयतंय."

ते आले नाहीत. तीन वर्षांनी दाजी ट्रंक घेऊन आले, आणि आम्ही काय ते समजलो. गिरणी उघडलीच नाही. आईने मात्र दर उन्हाळ्यात दर सोमवारी खळं सारवलं, आणि रातांबे तुळशीच्या अलीकडेच घातले. पलीकडची जागा ती मोकळी सोडायची. मी शाळेत नोकरीला लागले, बाबल्याचं लग्न झालं, लाद्या घालायचा विषय निघाला की ती उठून आत जायची. शेवटच्या उन्हाळ्यात तिला उठवत नव्हतं. ती पडवीत बाजेवर पडून होती आणि खळं मी सारवत होते, घाईघाईने, कारण मला शाळेच्या कामाला जायचं होतं. त्या खळ्यावर तीस वर्षांत कोणी एक रेघ काढली नव्हती. मधोमध आले तेव्हा बाजेवरून तिचा आवाज आला.

"थय पूल आसा गो. हळू."

मी हात हळू फिरवला, तीनदा.